फक्की मारणारा पोरगा

(सोलापुरात शुक्रवार पेठेत वस्तीतल्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलंय. जे जास्तीचं बोललो ते तसंच ठेवलंय.)

 

मला सांगितलं होतं, कविता वाच. कविता खिशात आहेत, त्या नंतर. आधी मला खेळावर बोलायचंय. आत्ता जिना चढताना एका भावानं विचारलंच, "काय बे, शिष्यवृत्त्या अडकल्यात, पोरं बेकार हायेत, आणि तू मुंबईहून रात्रभर गाडीत बसून विटीदांडूवर बोलायला आलास?" व्हय, त्यावरच बोलायला आलोय. कारण त्या भावाच्या प्रश्नातच माझं भाषण आहे. खेळ ही रिकाम्या माणसाची गोष्ट, असं आपल्या डोक्यात कुणी भरवलं? आणि रिकामं बसायचा हक्क आपल्याला कधी होता?

मी ह्याच पेठेच्या मागच्या बोळात वाढलो. दहावी झालो. आता मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या गँगमध्ये माल चढवतो-उतरवतो, आणि रात्री लिहितो. तर माझ्या शाळेपासून सुरू करतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण ती एकटीच तशी होती असं नाही.

वेळापत्रकात आठवड्याला दोन तास लिहिलेले असायचे, 'शा. शि.' म्हणजे शारीरिक शिक्षण. आमच्यातला एक वात्रट म्हणायचा, शा. शि. म्हणजे शाळेची शिपाईगिरी. खरंच होतं त्याचं. तास सुरू झाला की सर तीन नावं घ्यायचे. तिघंही आमच्या वस्तीतले. एकानं बादलीनं पाणी आणून मैदानावर शिंपायचं. एकानं लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू खणून भुसभुशीत करायची. आणि मी फक्की मारायची. ती पांढरी भुकटी मुठीत धरून रेघा ओढायच्या. मला ते लई झकास जमायचं. खो-खोचे चौकोन, कबड्डीची मध्यरेषा, निदान रेषा, सगळं दोरी न धरता सरळ. सर लांबनं म्हणायचे, "ह्याचा हात बघा." माझी छाती फुगायची. तीन वर्षं मी त्या मैदानावर रेघा मारल्या. रेघेच्या आत उभा राहिलो तो दोनदा, तेही दुसरा कुणी आजारी पडला म्हणून.

एकदा धीर करून विचारलं, "सर, मी खेळू का?" सर चिडले नाहीत. सर तसे वाईट माणूस नव्हते, परीक्षेची फी एकदा त्यांनीच भरली होती माझी. ते हसून म्हणाले, "अरे, तुमची अंगं तयारच असतात. व्यायाम ह्यांना पाहिजे, ह्यांची पोटं बघ."

तुमची अंगं तयारच असतात. हे वाक्य मी पुढं गोदीपर्यंत वाहून नेलं. एखादी शिवी धुऊन टाकता येते. हे तर कौतुक होतं, ते धुवायचं कसं?

पुढं मला पळवणकर बाळूची गोष्ट कळली तेव्हा मी रात्री उठून बसलो. धारवाडला जन्मलेला, पुण्यात वाढलेला चांभाराचा पोरगा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामाला. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी उभी करायची. म्हणजे फक्कीच की! ग्रेग नावाचा साहेब होता, त्याला सरावाला कुणीतरी चेंडू टाकणारा पाहिजे होता. बाळू तासन् तास डाव्या हातानं त्याला चेंडू टाकायचा. असा बाळू गोलंदाज झाला. पण त्या सगळ्या तासांत त्याच्या हातात बॅट कुणी दिली नाही. चेंडू टाकणं हे काम होतं, ते मजुरानं करायचं. फटका मारणं हा खेळ होता, तो साहेबानं करायचा. मैदानावरसुद्धा श्रमाची अशी वाटणी.

मग पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांना बाळू आठवला. संघात घ्यायचं का नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळ्यांनी त्याच्याच हातचा चेंडू झेलला. आणि चहाच्या वेळेला? बाळूला चहा बाहेर, मातीच्या कुल्हडात, पिऊन फोडून टाकायचा. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. अरे, तो चेंडू कशाचा असतो? चामड्याचा! तो आपल्याच लोकांच्या हातानं शिवलेला. तो खिशाला घासला, थुंकी लावून चकाकवला तरी विटाळ नाही. विटाळ फक्त शिवणाऱ्याचा.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तिथं बाळूनं ११४ गडी बाद केले. मुंबईला परत आल्यावर दलितांनी त्याचा सत्कार केला, त्यात तरुण भीमराव आंबेडकरही होते असं सांगतात. पण हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. वर्षामागनं वर्षं त्याच्यापेक्षा कमी खेळणारे कप्तान झाले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ ला कप्तान झाला, तोही भांडण झाल्यावर, भावांनी नकार दाखवल्यावर. आता मला माहिती आहे, इथं काहींच्या कपाळावर आठ्या पडल्यात. बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि पडला. पडला ते बरंच झालं. पण म्हणून त्याचा चार रुपयांचा रोलर आपण विसरायचा का? राजकारणात तो चुकला, मैदानावर नाही. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलता येतात. तुम्हालाही आल्या पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या. बरं, माझी सांगतो. आमच्या मामाच्या गावाला सुट्टीत जायचो. पारावर पोरं शिवाशिवी खेळायची. खेळाचं नावच बघा! ज्याच्यावर राज्य त्यानं बाकीच्यांना शिवायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्यापासून पळायचं. माझ्यावर कायम राज्य. मला वाटायचं मी हळू पळतो. एकदा एकाला दणकून शिवलो, पाठीवर. आता राज्य त्याच्यावर. तो खेळायचा थांबला, घराकडं गेला. त्याच्या आजीनं त्याला दारातच थांबवलं, तांब्यानं अंगावर पाणी घातलं, मग आत घेतलं. मी लांबनं बघत होतो. मला तेव्हा सात-आठ वर्षं. मला वाटलं त्याला ऊन लागलं असेल.

म्हणून मी म्हणतो, खेळ ही साधी गोष्ट नाही. कबड्डी घ्या. आपल्या मातीतला हुतुतू. बॅट नको, बूट नको, पैसा नको. समोरच्याला शिवल्याशिवाय गुण नाही, आणि शिवून आलेल्याला पकडायचं तर त्याचा घोटा धरायचा, कंबर धरायची, त्याचा घाम आपल्या तोंडावर घ्यायचा. हजारो वर्षं ज्या व्यवस्थेनं शिवू नका म्हणून कायदे केले, त्या व्यवस्थेच्या पोटातून शिवण्याचा खेळ निघाला, आणि १९९० पासून तो एशियाडमध्ये आहे. शाळेत हा खेळ सगळ्या पोरांना एका मैदानात खेळायला लावला असता, तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला समतेचा धडा निम्मा वाचायची गरज नव्हती. पण त्याच तासाला मास्तर गणिताचा राहिलेला भाग घेतात.

आता 'अंगं तयारच असतात' कडं येतो. गोदीत आमचा मुकादम हेच वेगळ्या भाषेत म्हणतो. नव्या पोरानं जिमचं नाव काढलं की म्हणतो, "तुला कशाला जिम? लोक व्यायामाला पैसे भरतात, तुला व्यायामाचे पैसे मिळतात." सगळी गँग हसते. मीही हसायचो. माझा हा उजवा खांदा बघा. शर्ट ह्या बाजूला खाली उतरतो. पन्नास किलोची गोण, तोच खांदा, तीच वळणाची कंबर, तोच जिना. मला सव्वीसावं लागलंय, आणि सकाळी अंथरुणातनं उठताना आधी कुशीवर वळावं लागतं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, व्यायाम करता का? मी म्हटलं, दिवसाला दहा तास. तो बाई-माणूस डॉक्टर होता, नीट समजावून सांगितलं तिनं. म्हणाली, व्यायामात अंग सगळीकडनं सारखं वळतं, श्वास आपल्या ताब्यात असतो, दमलं की थांबता येतं. तुमच्या कामात थांबायचं कधी हे तुमच्या हातात नाही. व्यायाम अंगात भर घालतो, हे काम अंगातनं काढून घेतं.

दमलं की थांबता येतं! खेळ आणि वेठबिगार यातला फरक मला त्या बाईनं एका वाक्यात सांगितला.

थांबणं हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही, हेही सांगतो. आठवड्याला रविवारची सुट्टी आकाशातनं पडली नाही. जोतीरावांचे सत्यशोधक सोबती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा केलं, सभा घेतल्या, तेव्हा १८९० च्या जूनपासून रविवार मिळाला. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला, ते बिल मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी आणलं. हे सोलापूर तर गिरण्यांचं गाव, जुनी गिरणी १८७७ ची. आमचे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या बोलण्यात 'पाळी सुटल्यावर' हा शब्द सारखा यायचा. पाळी सुटल्यावर लेझीम, पाळी सुटल्यावर भजन, पाळी सुटल्यावर कुस्त्या बघायला. पाळी होती म्हणून ती सुटत होती. माझ्या ठेकेदाराकडं पाळीच नाही. बोट लागली की काम, बोट गेली की घरी. मग मी खेळू कधी? आमची आई विड्या वळते. दिवसाला हजार विड्यांचा हिशोब, सुपात मान घालून. माझं अंग उचलून उचलून वाकलं, तिचं बसून बसून. तिला मी म्हटलं, आई, सकाळी जरा चालत जा. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील, ही काय रिकामी फिरती?"

दोष फक्त त्यांचा आहे असं म्हणून मला टाळ्या घेता येतील, पण नाही घेणार. आपल्या घरात पोरगं खेळून आलं की पहिलं वाक्य काय? "खेळून पोट भरतं का?" बापानं मारलेली पहिली चपराक बहुतेक खेळण्यावरनंच असते. मी समजू शकतो, बाप दिवसभर मरून आलेला असतो, त्याला पोरगं हुंदडताना दिसतं. पण आपण कुणाची भाषा बोलतोय ते बघा. कामाचा विचका झाला की मराठी माणूस म्हणतो खेळखंडोबा. चारचौघात भांडण झालं की म्हणतो तमाशा. पुढाऱ्यांनी पक्ष बदलला की पेपरवाला छापतो डोंबाऱ्याचा खेळ. तमाशा कुणी जिवंत ठेवला? महार, मांग, कोल्हाटी यांनी. दोरीवर कोण चाललं? डोंबारी. ज्यांनी ह्या महाराष्ट्राची करमणूक केली त्यांची नावं शिव्या झाल्या, आणि त्या शिव्या आपणही देतो.

आणि डोंबारी म्हटलं की सोलापूरकरांनी तरी मान खाली घातली पाहिजे. ह्याच शहरात सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणाची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं पोर. जन्माला आला तोच गुन्हेगार! माणसं हजेरी देऊन आत-बाहेर करायची, आणि गिरण्यांना मजूर तिथनं मिळायचे. तो कायदा १९५२ साली गेला, वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच. त्या जमातींतल्या पोरी सहा वर्षांच्या वयात हातात काठी धरून दोरीवर चालायच्या. तोल, दम, नजर, सगळं त्यात आहे. तेच एखाद्या शाळेतल्या पोरीनं दहा सेंटिमीटर रुंदीच्या लाकडावर, खाली गादी अंथरून केलं की ते जिम्नॅस्टिक, त्याला पदक, त्याला क्रीडागुण. दोरीखाली गादी नसते, थाळी असते. एकाच कसरतीला तिकडं शारीरिक शिक्षण म्हणतात आणि इकडं भीक. कुठल्या शाळेनं डोंबाऱ्याला मास्तर म्हणून बोलावलं, मला दाखवा.

ह्याच्या उलटही घडलंय, आणि ते आपल्याच इतिहासात आहे. पुण्याला लहुजी वस्ताद साळवे, जन्म १७९४ चा, मातंग माणूस. त्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकायला कोण यायचं? जोतीराव फुले. वस्ताद अस्पृश्य आणि शागीर्द सवर्ण म्हणवणाऱ्या जातींतले. पुढं जोतीरावांनी शाळा काढल्या तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज आपण लहुजींचा फोटो लावतो, हार घालतो. ज्या तालमीमुळं ते वस्ताद, ती तालीम आपल्या एका तरी वस्तीत आहे का?

आता हे सोलापूरचं ऐका. १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिनं पहिलं वसतिगृह कुठं उघडलं? सोलापुरात, १९२५ च्या जानेवारीत. हे आपण अभिमानानं सांगतो, बरोबरच आहे. पण त्याच सभेनं मुंबईत वाचनालयाबरोबर आणखी काय चालवलं, हे कुणी सांगत नाही. महार हॉकी क्लब! हसताय काय? हॉकी क्लब. तरुण पोरं जुगार-दारूकडं जाऊ नयेत, मोकळ्या वेळात एकत्र यावीत म्हणून. महाडच्या दोन वर्षं आधीच्या काळातली ही गोष्ट. ज्या माणसापुढं एवढा डोंगर होता त्याला वाटलं की आपल्या पोरांच्या हातात हॉकीची काठी असावी. पुस्तक आणि काठी, दोन्ही. आपण पुस्तक घेतलं, तेही अर्धंमुर्धं, आणि काठी पार विसरलो. जिन्यातल्या भावाला माझं उत्तर हे आहे.

आपल्या जयंतीला बघा. आजोबांच्या काळात म्हणे महिनाभर आधी लेझमाचा सराव चालायचा. शंभर पोरं एका ठेक्यावर बसायची, उठायची. आता काय, ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर आणि खाली आपण जागच्या जागी उड्या मारतो. मीही मारतो, खोटं बोलत नाही. पण लेझमात अंग शिकतं, शेजारच्याच्या पावलाकडं लक्ष द्यावं लागतं. डीजेपुढं शेजारी आहे का मेलाय हेही कळत नाही.

पोरींचं बोलायचं राहिलं, खरं तर ते आधी बोलायला पाहिजे होतं. माझी धाकटी बहीण बोळात सगळ्यात जोरात पळायची. दोरीवरच्या उड्या शंभर-शंभर. सातवीत गेली आणि एक दिवस दोरी दिसेना. विचारलं तर म्हणाली, ती आईनं बादलीला बांधली. पाण्याच्या रांगेत आमच्या घरातनं तीच उभी राहायची. शाळेत शा. शि.च्या तासाला पोरींना वर्गात बसवून भरतकाम. नालायकपणा असा की मी भाऊ असून मला तेव्हा काही वाटलं नाही. मी क्रिकेट खेळायला जायचो, पाणी ती भरायची. म्हणजे रेघेच्या बाहेर ती माझ्यापेक्षा लांब उभी होती, आणि तिथं तिला उभं करण्यात माझाही हात होता. इथं किती पोरी आहेत? आठ. पोरं? मोजत नाही.

कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो, कारण उद्या निवेदन लिहायचंय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय पाहिजे त्याची यादी आहे. त्यात खेळाचं मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे. सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक पाहिजे, असं लिहिलंय. म्हणजे ही मेहरबानी नाही. आपल्या पेठेतल्या शाळांत जाऊन विचारायचं: मैदान दाखवा. साहित्याचं कपाट उघडा. चावी कुणाकडं असते? शा. शि.च्या तासाला काय होतं? पाणी कोण शिंपतं, फक्की कोण मारतं? हा शेवटचा प्रश्न लिहूनच घ्या. फक्की सगळ्यांनी पाळीपाळीनं मारावी, हजेरी क्रमांकानं. मागणी एवढी साधी आहे की वरचे लोक ती वाचून हसतील. हसू द्या.

निवेदनाला उत्तर यायला वेळ लागेल. तोवर आपलं आपण. ही खोली ज्या आवारात आहे तिथं मागं मोकळी जागा आहे, मी दुपारी पायानं मोजली. कबड्डीचं मैदान बसतं, एका कोपऱ्यात थोडी बांधकामाची खडी पडलीय तेवढी उचलायची. उद्या रविवार, मी सोमवारच्या रात्रीच्या गाडीनं जाणार. उद्या सकाळी सहाला या. पोरींनी आधी खेळायचं, पाण्याच्या रांगेत त्यांच्या जागी पोरं उभी राहतील, मी तीन जणांची नावं घेतलीत आत्ता. आयांनो, तुम्ही नुसतं बघायला आलात तरी चालेल. आमच्या आईला मी आणतोय.

फक्की एका दुकानदाराकडनं आणून ठेवलीय. रेघा मी मारणार नाही. ज्यानं आजवर कधी मारल्या नाहीत त्यानं मारायच्या, वाकड्या आल्या तरी चालतील.

आता कविता वाचतो.